वाचकांचे प्रश्न : पद्मिनी चालवावी की ठेवून द्यावी?

प्रश्न : आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी मी आजही सुट्टीच्या दिवशी बाहेर काढतो, आणि घरच्या नव्या गाडीपेक्षा तीच चालवताना मला अधिक समाधान मिळते. मुलगा मात्र म्हणतो की ही गाडी सुरक्षित नाही, ती विकून टाकावी. माझे म्हणणे असे की त्या काळच्या गाड्यांचा पत्रा जाड आणि दणकट होता. आजच्या गाडीला अंगठ्याने दाबले तरी पोचा पडतो. मग सुरक्षित गाडी कोणती? आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सुरक्षिततेच्या बाबतीत आपल्या मुलाचे बरोबर आहे आणि चालवण्याच्या आनंदाच्या बाबतीत आपले; मात्र त्यावरून गाडी विकून टाकावी असा निष्कर्ष निघत नाही. प्रथम पत्र्याविषयी लिहितो, कारण हा समज फार दूरवर पसरलेला आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

अपघातात माणसाला इजा होते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक तर तो फार कमी अंतरात थांबवला जातो, किंवा तो बसलेला असतो ती जागाच चेपली जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आणि तिच्यात पट्ट्याने बांधलेला माणूस ३० सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरीने त्याच्या वजनाच्या सुमारे ३३ पट जोर येतो. तोच माणूस ६० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर हा जोर सुमारे १६ पटींवर येतो. म्हणून गाडीचा पुढचा भाग ठरवून दिलेल्या रीतीने चुरगळावा आणि माणसे बसतात तो कप्पा मात्र ताठ राहावा, अशी रचना करावी लागते. मर्सिडीज-बेंझमधील अभियंता बेला बारेनी याने ही कल्पना मांडली आणि १९५९ सालच्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली. बॉनेटचा पत्रा अंगठ्याने दबतो की नाही याचा या रचनेशी काहीही संबंध नाही. आजच्या गाडीतील ताकद बाहेरच्या पत्र्यात नसून आतल्या सांगाड्यात, दारांच्या चौकटीत आणि छताला पेलणाऱ्या खांबांत असते, आणि ते भाग अतिशय कठीण पोलादाचे असतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा २००९ सालचा आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, एका बाजूने धडकवल्या. दोघींच्या वजनात फारसा फरक नव्हता, आणि बेल एअर ही दिसायला रणगाड्यासारखी भक्कम गाडी होती. धडकेत तिचा आतला कप्पाच कोसळला, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या जागेवर आले; तिच्यातील चालक वाचला नसता, असा निष्कर्ष चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावरील मोजणीवरून निघाला. मालिबूमधील चालकाला पायाच्या इजेवर निभावता आले असते. या चाचणीचे चित्रीकरण सहज पाहायला मिळते. आपण आणि मुलाने ते एकत्र बसून पाहावे.

आता आपल्या गाडीकडे येऊ. पद्मिनी म्हणजे मुळात साठच्या दशकातील फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या कारखान्यात ती पुढे अनेक वर्षे तयार होत राहिली, तरी तिची मूळ आखणी बदलली नाही. ताठ स्टिअरिंग कॉलम, चारही चाकांना ड्रम ब्रेक, बारीक खांब, धातूचा डॅशबोर्ड आणि मानेला आधार न देणारी आसने हे सारे त्या काळाचे आहे. तिचे वजन ९०० किलोच्या आसपास भरते. आज रस्त्यावर तिच्यासमोर येणारी एखादी एसयूव्ही १७०० किलोंची असते. दोन असमान वजनांची वाहने भिडली की हलक्या वाहनाच्या वेगात अधिक मोठा आणि अधिक अचानक बदल होतो. तेव्हा जाड पत्र्याचा दिलासा येथेही उपयोगी पडत नाही.

आणखी एक गोष्ट पद्मिनीच्या बाबतीत महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक मालक पाहत नाहीत. या गाडीला वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दारांखालचे साइड सिल, फ्लोअर आणि स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या जागा गंजून सडल्या असतील, तर गाडीची जी काही मूळ ताकद होती तीही शिल्लक नाही असे समजावे. डेंटिंग-पेंटिंग करताना सडलेल्या जागेवर पुट्टी भरून वर चकचकीत रंग देण्याची पद्धत फार आहे. आपली गाडी लिफ्टवर चढवून, खालून, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तपासून घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हर जिथे आत जाईल तेथील पत्रा कापून नवा जोडण्याला पर्याय नाही. रंगावर खर्च करण्यापूर्वी हे काम करावे.

आता आनंदाविषयी. आपल्याला नव्या गाडीत समाधान मिळत नाही, ही केवळ आठवणींची माया आहे असे मी मानत नाही. तिला ठोस कारणे आहेत. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन आजच्या मानाने अशक्तच. पण म्हणूनच चढ येण्याआधी वेग साधणे, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर नेमक्या क्षणी खाली घेणे, वळणाआधी ब्रेकचे काम उरकणे हे सारे चालकाला स्वतः जुळवावे लागते. स्टिअरिंगला कोणत्याही मोटरची मदत नसल्यामुळे पुढच्या चाकांखाली डांबर आहे की वाळू, हे हातांना कळते. बारीक खांबांमुळे चारी बाजूंचा रस्ता मोकळा दिसतो. आजच्या गाडीत पुढचे खांब जाड झाले, कारण गाडी उलटली तर छत त्यांनीच पेलायचे असते. त्याची किंमत म्हणून वळणावर एखादी दुचाकी किंवा रस्ता ओलांडणारा माणूस क्षणभर खांबाआड जातो. स्टिअरिंगला विजेची मोटर आली आणि हातांपर्यंत पोचणारा रस्ता पुसट झाला. इंजिनाचा आवाज, वारा, टायरचा खडखडाट हे सारे बाहेर ठेवण्यासाठी कारखान्यांनी एवढी मेहनत घेतली आहे की ताशी १०० किलोमीटर वेगातही आपण बैठकीच्या खोलीत बसलो आहोत असे वाटते.

या सगळ्याचा अर्थ असा की आपल्याला जुन्या गाडीत मिळणारा आनंद वेगातून येत नाही; चालकाच्या वाट्याला आलेल्या कामातून येतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाने पद्मिनी नीट चालवणे हेच एक पूर्ण काम आहे. मला या प्रश्नाचे उत्तर येथेच सापडते. गाडीच्या अंगातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० च्या वेगात जेवढी ऊर्जा असते, तिच्या चौपट १०० च्या वेगात असते. म्हणजे ज्या वेगात आपली गाडी पुरेपूर आनंद देते, त्या वेगात तिचे दोषही सर्वांत कमी घातक ठरतात. पद्मिनीला ८०-९० वर रेटून आपला आनंद तसूभरही वाढणार नाही, धोका मात्र अनेक पटींनी वाढेल. अर्थात आपला वेग आपल्या हाती असला तरी समोरच्याचा नसतो. म्हणून रस्ता निवडणे हे वेग निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा, की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, सोलापूर आणि नाशिककडे जाणारे महामार्ग, तसेच कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता ही ठिकाणे आपल्या पद्मिनीसाठी वर्ज्य समजावीत. नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकने कित्येक वाहनांना धडक दिली, हे पुणेकर विसरलेले नाहीत. मागून असे अवजड वाहन आले, तर मानेला आधार नसलेल्या आसनावर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. त्याऐवजी सकाळी लवकर, रहदारी वाढण्याआधी खडकवासला-पानशेतचा रस्ता किंवा मुळशीकडचा रस्ता धरावा. दिवे घाटाने सासवडला जायचे असेल, तर एक जुना नियम काटेकोरपणे पाळावा. घाट ज्या गिअरमध्ये चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की ड्रम तापून प्रसरण पावतो आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो, तापलेल्या लायनरची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल तळाला जाते. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी.

दुरुस्तीच्या बाबतीत ब्रेक आधी, बाकी सारे नंतर. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लायनर हे नाना पेठेत मिळतात. मात्र हे सुटे भाग नवे आणि खात्रीचेच घ्यावेत, वापरलेले घेऊ नयेत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. टायरची नक्षी शाबूत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, पण त्यांचे रबर म्हातारे होते. रेडियल टायर बसवायचे असतील तर चारही चाकांना एकाच वेळी बसवावेत. इंधनाच्या नळ्यांकडेही लक्ष द्यावे, कारण २० टक्के इथेनॉल असलेले आजचे पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. नळी फुगते, चिरते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळू लागते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालून घ्याव्यात आणि हात पोचेल अशा जागी अग्निशामक ठेवावा.

पुढच्या आसनांना तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवावेत, असे मी आवर्जून सांगेन. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने १९५९ साली तयार केलेला हा पट्टा कंपनीने इतर उत्पादकांनाही वापरू दिला; त्याच्याइतके प्राण वाचवणारी दुसरी वस्तू मोटारीच्या इतिहासात क्वचितच असेल. परंतु पातळ पत्र्याला भोक पाडून नुसता बोल्ट आणि वायसर लावला, तर धडकेच्या वेळी तो पत्र्यासकट उपटून येतो. पट्ट्याचे बोल्ट जिथे बसतात तेथे आतून जाड पोलादी पट्टी जोडून घ्यावी, आणि तेथील पत्रा गंजलेला नाही याची आधी खात्री करावी. एअरबॅग मात्र बाहेरून बसवण्याच्या भानगडीत कृपया पडू नये. एअरबॅग ही विशिष्ट गाडीची रचना, पट्टा आणि संवेदक यांच्याशी जुळवलेली असते. वेगळी आणून बसवलेली एअरबॅग भलत्या क्षणी उघडली तर तीच इजा करील.

राहिला प्रश्न नातवंडांचा. आपण पत्रात त्यांचा उल्लेख केलेला नाही, तरी बहुतेक घरांत ही वेळ येते म्हणून लिहितो. लहान मुलांना या गाडीतून फिरायला नेऊ नये. आपण स्वतः समजून-उमजून एक धोका पत्करता. मुलाला ती समज नसते.

प्रश्न : माझ्या मुलाला नुकताच परवाना मिळाला आहे आणि त्याची नोकरी हिंजवडीला आहे. त्याला नव्वदच्या दशकातील मारुती ८०० घ्यायची आहे. खरे ड्रायव्हिंग जुन्या गाडीतच शिकता येते, नव्या गाड्या सगळे स्वतःच करतात, असे तो म्हणतो. साधारण त्याच पैशांत थोडी भर घालून आम्ही काय घ्यावे? — एक वाचिका, सिंहगड रस्ता

उत्तर : आपल्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याची निवड त्याच्या रोजच्या रस्त्याला साजेशी नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने या देशाला मोटार चालवायला शिकवले, आणि ७९६ सीसीची ती हलकी, चपळ गाडी आजही चालवायला मजा देते, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु सुमारे ६५० किलोंच्या, एअरबॅग आणि एबीएस (जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीने रोज बाह्यवळण महामार्गावरून ट्रक आणि कंपनीच्या बसगाड्यांच्या मधून जाणे वेगळे. नवशिक्या चालकाच्या हातून चूक होणारच. त्या चुकीची शिक्षा सौम्य असावी एवढीच काळजी आई-वडील घेऊ शकतात.

मात्र 'नवी' म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही समजू नये. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या सर्वांत स्वस्त आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवल्या, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांतील फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा टिकला होता; तिला शून्य मिळाले ते एअरबॅग नसल्यामुळे, आणि एअरबॅग असलेल्या पोलोने पुढे चार तारे मिळवले. यातून खरेदीदाराने घ्यायचा बोध असा, की सांगाडा आणि उपकरणे या दोन्ही गोष्टी लागतात आणि एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

जुनी गाडी घेताना उत्पादनाचे वर्ष म्हणूनच महत्त्वाचे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. धडक चाचणीची अटही ऑक्टोबर २०१९ पर्यंत सर्व मॉडेलांना लागू झाली. चालकाशेजारच्या एअरबॅगची सक्ती सर्व गाड्यांना लागू झाली ती जानेवारी २०२२ पासून. म्हणून आपल्या मुलासाठी २०२२ नंतरची, आणि पैसे पुरत नसतील तर निदान २०१९ च्या उत्तरार्धानंतरची, पण दोन एअरबॅग असलेली गाडी पाहावी. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे; त्या मॉडेलचे तारे पाहताना ते कोणत्या आवृत्तीचे आहेत हेही वाचावे. आणि पूर्वी मोठा अपघात झालेली, एअरबॅग उघडून गेलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आनंदाचे काय, असे मुलगा विचारील. त्याने मॅन्युअल गिअरची, हलकी, बसकी हॅचबॅक निवडावी. उंच एसयूव्हीच्या मोहात पडू नये; वजन आणि उंची वाढली की वळणावरची मजा पहिल्यांदा जाते. जगभर ज्या गाडीचे चालवण्याच्या आनंदासाठी सर्वाधिक कौतुक झाले त्या माझदा एमएक्स-५ चे, म्हणजेच मियाटाचे, १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीचे वजन हजार किलोंपेक्षा कमी होते, आणि तिची शक्तीही मामुली होती. हलकेपणातून आनंद येतो हे तिने दाखवून दिले. चाचणी फेरी घेताना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर समाधान मानू नये. एखादा खडबडीत, वळणांचा रस्ता निवडून स्टिअरिंग सरळ होताना हाताला काय कळते, क्लच कोठे धरतो, ब्रेकचे पेडल किती मोजून दाबता येते, हे पाहावे.

नव्या गाड्या सगळे स्वतःच करतात, हे खरे नाही. एबीएस असले तरी किती अंतर ठेवायचे हे चालकच ठरवतो. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी ईएससी यंत्रणा १९९५ साली मर्सिडीजमध्ये आली. तिचे काम कोणताही माणूस करू शकत नाही, कारण माणसाच्या पायाखाली ब्रेकचे एकच पेडल असते. ती बंद करून ताम्हिणी घाटात कौशल्य आजमावण्याचा विचार आपल्या मुलाने करू नये.

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत एडीएएस, म्हणजे कॅमेरा-रडारच्या मदतीने चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा आहे. शहरात ती मध्येच ब्रेक मारते, स्टिअरिंग ओढते, आणि चालवण्याची सारी मजा जाते. ही यंत्रणा बंद ठेवली तर चालेल का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : सगळी एकदम बंद करू नये. मार्गिका पाळायला लावणारी सोय पुसट पट्ट्यांच्या आणि दुचाकींनी भरलेल्या कर्वे रस्त्यावर निरुपयोगी आहे. ती शहरात बंद ठेवण्यास हरकत नाही. आपोआप लागणाऱ्या ब्रेकची संवेदनशीलता बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येते, ती शहरासाठी कमी ठेवावी, पण महामार्गावर ही सोय चालूच असावी. पहाटेच्या परतीच्या प्रवासात डोळा लागतो तेव्हा तिची खरी गरज असते. यंत्रणेने अनेकदा ब्रेक मारला, तर आपण पुढच्या वाहनाच्या फार जवळून चालतो आहोत का, हेही एकदा तपासून पाहावे.

प्रश्न : आजोबांची १९६५ सालची मोटार चालू स्थितीत आहे. तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करावी का? — एक वाचक, कॅम्प

उत्तर : गाडीचे आपण काय करणार आहात, यावर ते अवलंबून आहे. २०२१ सालच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते आणि नूतनीकरणास ५,००० रुपये लागतात. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरास मनाई आहे. आपल्याला सुट्टीच्या सकाळी मनात आले की गाडी काढून फिरून यायचे असेल, तर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण होणारी नेहमीची नोंदणीच चालू ठेवावी. त्यासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीला नेण्यापूर्वी वरच्या पहिल्या उत्तरातील ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या आणि गंज यांची कामे उरकून घ्यावीत. तृतीय पक्षाचा विमा दोन्ही प्रकारच्या नोंदणीत अनिवार्य आहे, तो खंडित होऊ देऊ नये.